आधी मुक्काम, मग मुंबई

(दीपनगर येथील प्रौढ साक्षरता वर्गात झालेले भाषण)



तुमच्या वर्गातल्या काही घरांनी मुंबई पाहायचं ठरवलं आहे. कापूस विकला. केळीचे पैसे हाती आले. आजीला समुद्र पाहायचा आहे. पोरांना राणीची बाग पाहायची आहे. बेत चांगला आहे. मला सांगितलं गेलं की, मुंबईत काय काय पाहावं ते या मंडळींना सांगा. मी ते सांगणारच आहे. पण त्याआधी दुसरी गोष्ट सांगणार आहे. मुंबईत राहावं कुठं, ही ती गोष्ट.

असं का? आपण जत्रेला जातो. झाडाखाली गाडी सोडली, तीन दगडांची चूल मांडली, की झाला मुक्काम. मुंबईत तसं नाही. तिथे हातभर जागेलाही मालक आहे. मुक्कामाची सोय नीट झाली नाही, तर पैसा जातो, पाय दुखतात, पोरं रडतात आणि घरचीच माणसं एकमेकांवर खेकसतात. वर्षभर पैपै करून साठवलेला पैसा चार दिवसांत उडतो आणि मुंबई पाहायची राहूनच जाते.

आणखी एक गोष्ट. आजवर गावात कसं चालत आलं? मुंबई पाहिलेला एखादा गडी पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे. तो नेईल तिथे जायचं. तो सांगेल तेवढे पैसे द्यायचे. कारण पाटी वाचता येत नव्हती. आता तुम्हाला पाटी वाचता येते. पावतीवरचा आकडा कळतो. तेव्हा ही सहल तुमची तुम्ही ठरवा. कशी ठरवायची, तेवढंच आज बोलू.

घरात बसून काय ठरवायचं?

रात्री जेवणं झाली की सगळे एकत्र बसा. एक वही घ्या. पहिल्या ओळीत लिहा, आपण कशासाठी जातो आहोत? दवाखान्यासाठी? मंत्रालयातल्या कामासाठी? देवदर्शनासाठी? की नुसतं पाहायला? काम असेल तर काम पहिलं. त्याच्या भोवती बाकीचं बसवा.

दुसरं, घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुला काय पाहायचं आहे?" प्रत्येकाचं एकेक ठिकाण लिहा. आजीलाही विचारा, सुनेलाही विचारा. पुष्कळदा कर्ता पुरुष एकटाच ठरवतो आणि बाया मुकाट्यानं मागे चालतात. पैसा सगळ्यांच्या घामाचा असतो. कापूस वेचायला बायाच असतात. मग पाहायचं काय, हे त्यांना विचारायला नको का?

तिसरं, कधी जायचं? मे महिन्यात पोरांना सुट्टी असते. पण मुंबईचा उन्हाळा आपल्या खानदेशासारखा कोरडा नाही. ऊन आपल्यापेक्षा कमी, पण घामाच्या धारा लागतात. जून ते सप्टेंबर पाऊस. पाऊस फार झाला की रुळांवर पाणी साचतं आणि लोकलगाड्या अडकतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे.

कोणत्या स्टेशनावर उतरायचं?

भुसावळ ते मुंबई हे अंतर सुमारे ४४० किलोमीटर आहे. गाडीला सात-आठ तास लागतात. वाटेत जळगाव, चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड, इगतपुरी ही स्टेशनं लागतात. इगतपुरीच्या पुढे थळ घाट उतरून गाडी कसाऱ्याला येते. मग कल्याण, ठाणे, दादर आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबत नाही.

इथे लक्ष द्या. सगळ्या गाड्या त्या शेवटच्या स्टेशनापर्यंत जात नाहीत. काही गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसला जातात. ते कुर्ल्याजवळ आहे. तिथून कोट विभाग बराच दूर आहे. म्हणून तिकीट हातात आलं की गाडी शेवटी कुठे जाते ते स्वतः वाचा. "मुंबईची गाडी" एवढ्यावर विसंबू नका.

मुक्काम ठरला की उतरायचं स्टेशन आपोआप ठरतं. परळच्या दवाखान्यात जायचं असेल तर दादरला उतरा. मंत्रालय किंवा गेटवे ऑफ इंडिया गाठायचं असेल तर शेवटपर्यंत जा. नातेवाईक डोंबिवलीला असेल तर कल्याणला उतरून लोकल पकडा. म्हणून म्हणतो, आधी मुक्काम.

गाडी पहाटे तीन-चारला पोचत असेल, तर उजाडेपर्यंत स्टेशनातल्या प्रतीक्षालयात बसा. पोरं आणि सामान घेऊन अंधारात रस्त्यावर निघू नका. घरून निघताना बरोबर दशम्या, ठेचा, थोडा चिवडा घ्या. पहिला दिवस त्यावर निघतो.

राहायचं कुठं?

मुंबईत राहण्याच्या चार-पाच वाटा आहेत. एकेक पाहू.

पहिली वाट, नातेवाईक. मुंबईची खोली म्हणजे आपल्या ओसरीएवढी. गिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणगावात एकेका खोलीत दहा-पंधरा गडी राहत. एका पाळीचे कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे तिथेच झोपत. जेवण खानावळीत. त्या माणसांनी गावच्या माणसाला कधी दारातून परत पाठवलं नाही. पण आज त्या खोलीत म्हातारे आईबाप आहेत, शिकणारी पोरं आहेत. नळाला पाणी ठरल्या वेळीच येतं. म्हणून आधी फोन करा. "येऊ का?" असं विचारा. "येतो आहोत" असं कळवू नका. समोरचा "बघू" म्हणाला, तर त्याचा अर्थ ओळखा आणि रागावू नका. गेलात तर दोनच रात्री राहा. डाळ, ज्वारी, केळी घेऊन जा. भाजी आणून द्या. भांडी घासू लागा.

दुसरी वाट, धर्मशाळा. इथे गाडगेबाबांची आठवण होते. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झाला. बाबा स्वतः शाळेत शिकले नव्हते. हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात सांगायचे की, पोटाला चिमटा घ्या, पण पोरांना शिकवा. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी. का बांधल्या? गरीब माणूस परगावी गेला की त्याला निजायला जागा मिळत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. १९५६ साली बाबा गेले, पण ते काम चालू राहिलं.

मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घेणारे रोगी आणि त्यांची माणसं तिथे राहतात. परळलाच नाना पालकर स्मृती समिती आहे. तिथेही रोग्यांची सोय करतात. तुमच्या घरी कुणी आजारी असेल आणि मुंबईला न्यायचं असेल, तर या जागांची चौकशी आधी करा. दवाखान्याचे कागद, केसपेपर, आधार कार्ड जवळ ठेवा. दवाखान्यात समाजसेवा विभाग असतो. तिथे बसलेल्या माणसाला विचारा. विचारायला लाजू नका.

पण एक गोष्ट मनात पक्की धरा. या जागा रोग्यांसाठी आहेत. आपण फिरायला गेलो असू, तर तिथे खोली मागायची नाही. ओळख काढायची नाही, वशिला लावायचा नाही. आपण स्वस्तात एक रात्र निजलो, तर त्या रात्री एखादी माउली आजारी लेकराला घेऊन फुटपाथवर बसेल. धर्मशाळेत धर्म आहे, तो आपणच राखायचा.

तिसरी वाट, रेल्वेची विश्रांतिगृहं. मोठ्या स्टेशनांवर प्रवाशांसाठी खोल्या आणि ओळीनं मांडलेल्या खाटांची जागा असते. ती ठरावीक तासांसाठी मिळते. त्यासाठी गाडीचं पक्कं तिकीट लागतं आणि आरक्षण आधी करावं लागतं. खोल्या थोड्या आणि मागणारे फार. मिळाली तर उत्तम. एकच दिवस थांबायचं असेल तर सामान स्टेशनवरच्या सामानघरात ठेवता येतं. मात्र पिशवीला कुलूप हवं. गाठोडं चालत नाही. पावती जपून ठेवा.

चौथी वाट, आमदारांची खोली. काम घेऊन जाणारी आपल्याकडची पुष्कळ माणसं आमदार निवासात उतरतात. खरोखरीचं काम असेल तर ठीक. पण तिथे आधीच माणसं दाटीनं असतात. बायापोरं घेऊन जायची ती जागा नव्हे.

पाचवी वाट, लॉज. फिरायला जाणाऱ्या बहुतेकांना हीच वाट धरावी लागते. तेव्हा लॉज कसा पारखावा ते ऐका.

लॉज पारखायचा कसा?

बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. विकणारा गोड बोलतो म्हणून पैसे मोजत नाही. लॉजचंही तेच. पैसे देण्याआधी खोली पाहा. "खोली दाखवा" म्हणायला संकोच करू नका. दाखवायला नकार दिला, तर पुढची पायरी चढा.

खोलीत गेल्यावर या गोष्टी पाहा. दाराला आतून कडी आहे का? ती नीट लागते का? खिडकी आहे का, की कोंदट आहे? संडास खोलीत आहे की बाहेर? नळाला पाणी येतं का, आणि किती वाजेपर्यंत? खोली कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट चालते का? आजीचे गुडघे दुखत असतील तर स्वस्तातला चौथा मजला महाग पडतो. ती एकदा वर चढली की दिवसभर खाली उतरणार नाही.

मग गल्ल्यावर हे विचारा. भाडं किती? कर धरून की वेगळा? जादा गादीचे किती? दिवस कधी संपतो? काही लॉजमध्ये चोवीस तासांचा दिवस धरतात. काही ठिकाणी तुम्ही रात्री अकराला आलात तरी सकाळी दहाला दिवस संपतो आणि दुसऱ्या दिवसाचं भाडं लागतं. हे आधी विचारलं नाही तर निघताना वाद होतो.

पैसे दिले की पावती घ्या. पावतीवरची तारीख, रक्कम आणि दिवस तिथेच उभं राहून वाचा. सावकाश वाचा. मागचा माणूस घाई करील. करू द्या. अक्षर लागत नसेल तर "हे काय लिहिलं आहे?" असं विचारा. आपण पैसे मोजतो, तेव्हा विचारण्याचा हक्क आपला आहे. ओळखीचा कागद दाखवावा लागेल. झेरॉक्स द्या. मूळ आधार कार्ड कुणाकडे ठेवून येऊ नका.

स्टेशनच्या बाहेर काही माणसं भेटतील. "स्वस्त लॉज आहे, चला, मी नेतो," म्हणतील. तुमची पिशवीही उचलतील. त्यांना लॉजवाल्याकडून दलाली मिळते आणि ती तुमच्याच भाड्यात धरलेली असते. हात जोडून "नको" म्हणा आणि चालू लागा.

आता दलाल मोबाईलमध्येही शिरला आहे. चांगल्या खोलीचं चित्र दाखवतो आणि "आधी पैसे पाठवा, नाहीतर खोली जाईल" म्हणतो. तुम्ही पोचता तेव्हा खोली नसते आणि फोन बंद असतो. म्हणून खात्री नसलेल्या माणसाला आगाऊ पैसे पाठवू नका. "तुमचे पैसे परत करतो, तुमचा गुप्त आकडा टाका," असं कुणी म्हणालं तर तो चोर समजा. पैसे घेण्यासाठी गुप्त आकडा कधीच टाकावा लागत नाही.

आता स्वस्त आणि महाग याचा हिशेब करू. समजा, लांबच्या उपनगरातला लॉज दिवसाला ३०० रुपयांनी स्वस्त आहे. घरची माणसं पाच. पाचांचं जाण्यायेण्याचं लोकलचं तिकीट धरा १५० रुपये. स्टेशनपासून लॉजपर्यंत रिक्षा, जाताना आणि येताना, धरा १०० रुपये. वाचले किती? ५० रुपये. आणि गेलं काय? रोजचे तीन तास. त्या तीन तासांत एक ठिकाण पाहून झालं असतं. हे आकडे समजुतीपुरते घेतले आहेत. तुम्ही खरे आकडे विचारून हाच हिशेब वहीत मांडा.

तोंडातलं नाव आणि पाटीवरचं नाव

मुंबईत एक गंमत आहे. लोकांच्या तोंडात एक नाव असतं आणि पाटीवर दुसरं. नवीन माणूस पाटी बरोबर वाचतो आणि तरी गोंधळतो. म्हणून या जोड्या वहीत उतरवून घ्या.

बोरीबंदर किंवा व्हीटी म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस.
राणीची बाग म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान.
क्रॉफर्ड मार्केट म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई.
प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.
एलिफंटा म्हणजे घारापुरी.
एल्फिन्स्टन रोड स्टेशन म्हणजे प्रभादेवी.

बेस्टच्या बसवर ठिकाणाचं नाव मराठीत असतं. स्टेशनच्या पाट्यांवरही मराठी असतं. म्हणजे तुम्ही इथे जे शिकलात, ते तिथे रोज उपयोगी पडणार.

पाहायचं काय?

मुंबई लांबट आहे, भेंडीसारखी. म्हणून एका दिवशी एकाच बाजूला जा. सकाळी एका टोकाला आणि दुपारी दुसऱ्या टोकाला असं केलं, तर निम्मा दिवस गाडीत जातो. एका दिवशी फार तर तीन ठिकाणं पाहा. सात ठिकाणी धावलं, तर घरी आल्यावर एकही आठवत नाही.

पहिला दिवस कोट विभागाचा. सुरुवात स्टेशनापासूनच करा. जिथे उतरलात ती इमारतच पाहण्यासारखी आहे. १८७८ साली तिचं काम सुरू झालं आणि सुमारे दहा वर्षं चाललं. बाहेर उभं राहून दगडातली पानं, फुलं, पशुपक्षी पाहा. २००४ साली तिला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. याच बोरीबंदरातून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली आगगाडी गेली. त्या वेळी ही मोठी इमारत नव्हती. भुसावळचं एवढं मोठं जंक्शन झालं, ते त्या रुळांचीच पुढची वाट आहे.

तिथून पायी हुतात्मा चौकात जा. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार तिथे उभे आहेत. महाराष्ट्र राज्य मुंबईसह व्हावं, म्हणून लोकांनी लढा दिला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच भागात गोळीबार झाला. सगळ्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. मग १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. फोटो काढण्याआधी तिथे दोन मिनिटं उभे राहा.

पुढे वस्तुसंग्रहालय आहे. दुपारचं ऊन टाळायला ती जागा बरी. वस्तूंखाली पाट्या असतात. सगळ्या वाचू नका, थकाल. प्रत्येकानं पाच पाट्या वाचाव्या आणि दुसऱ्याला सांगाव्या.

मग ऊन उतरल्यावर गेटवे ऑफ इंडिया. इंग्रजांचा राजा १९११ साली आला, त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. ती १९२४ साली खुली झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांच्या फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. राजासाठी बांधलेल्या दारातूनच राज्य गेलं. पोरांना ही गोष्ट तिथे उभं करून सांगा. समोर समुद्र आहेच. आजीचा समुद्र पहिल्याच दिवशी पाहून होतो.

दुसऱ्या दिवशी घारापुरी किंवा राणीची बाग यांपैकी एकच निवडा. घारापुरीला गेटवेपासून बोट जाते. सुमारे एक तास लागतो. डोंगरात कोरलेली लेणी आहेत. तीन मुखांची शिवमूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. पण वर जायला सुमारे १२० पायऱ्या आहेत. आजीला विचारून ठरवा. लेणी सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी थांबवतात. बोटीत बसल्याबरोबर जीवरक्षक जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर प्रवासी बोटीला अपघात झाला आणि माणसं गेली. बोट खच्चून भरली असेल तर चढू नका. पुढची येते.

राणीची बाग भायखळ्याला आहे. ती एकोणिसाव्या शतकातली आहे. मोठी झाडं आहेत, जनावरं आहेत, पेंग्विन पक्षीही आहेत. लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर हीच बरी. ती बुधवारी बंद असते.

तिसरा दिवस दादरचा. समुद्राकाठी चैत्यभूमी आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर तिथे अंत्यसंस्कार झाले. दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत त्यांचं राजगृह हे घर आहे. आपल्या हजारो पुस्तकांना जागा हवी, म्हणून बाबासाहेबांनी ते बांधून घेतलं. लोक दागिन्यांसाठी तिजोरी करतात, त्यांनी पुस्तकांसाठी घर केलं. नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसानं ते घर जरूर पाहावं. ६ डिसेंबरला जाणार असाल तर लक्षात घ्या, त्या दिवशी लाखो माणसं येतात. शिवाजी पार्कवर निवाऱ्याची, पाण्याची सोय केलेली असते. नागपूरकडून जादा गाड्या सोडतात, त्या भुसावळवरून जातात. त्या दिवसांत इतर ठिकाणं पाहण्याचा बेत करू नका.

दादरजवळ प्रभादेवीला सिद्धिविनायक आहे. मंगळवारी रांग फार मोठी असते. दुसरा वार धरा. २०२५ सालापासून जमिनीखालची मेट्रो कोट विभागापर्यंत धावते. तिचं एक स्टेशन सिद्धिविनायकाजवळ आहे. पुढे महालक्ष्मी आणि हाजी अली. हाजी अलीची वाट समुद्रातून जाते. भरती आली की ती पाण्याखाली जाते. म्हणून भरतीची वेळ आधी विचारा.

पोरं म्हणतील, नटाचा बंगला पाहायचा. पाहा बापडे. पण तिथे काय दिसतं? एक फाटक आणि फाटकापुढे पहारेकरी. त्याला अर्धा तास द्या, अख्खा दिवस देऊ नका.

चुकामूक झाली तर?

लोकलमध्ये सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ फार गर्दी असते. त्या वेळी पोरं घेऊन चढू नका. बायांचे डबे वेगळे असतात. त्यात पुरुषांनी चढायचं नाही. पहिल्या वर्गाच्या डब्यात साधं तिकीट चालत नाही, दंड होतो. डब्यावरची पाटी वाचूनच चढा. जलद गाडी लहान स्टेशनांवर थांबत नाही. तेही पाहून घ्या.

बाया एका डब्यात आणि पुरुष दुसऱ्या डब्यात असतील, तर उतरायचं स्टेशन आधी ठरवा. बायांनीही ते नाव स्वतः वाचायचं. नवरा हाक मारील म्हणून वाट पाहायची नाही. कुणी गाडीतच राहिलं, तर त्यानं पुढच्या स्टेशनावर उतरून तिथेच थांबावं. बाकीच्यांपैकी एकानं तिथे जावं. दोघंही शोधत फिरले तर भेट होत नाही.

प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर नाव, गाव, लॉजचं नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर लिहा. मोबाईल बंद पडतो, चिठ्ठी बंद पडत नाही. ज्याची त्यानं स्वतः लिहायची. आजीलाही अक्षरं येतात आता, तिची चिठ्ठी तिनंच लिहावी. पैसे एकाच खिशात ठेवू नका. दोघातिघांत वाटा. परतीच्या प्रवासाचे पैसे वेगळे बांधा आणि त्यांना हात लावू नका.

हे नंबरही लिहून घ्या. पोलीस किंवा कोणतीही तातडीची मदत, ११२. रेल्वेची मदत, १३९. मूल हरवलं तर १०९८.

मंडळी, आज घरी गेल्यावर एवढं करा. वहीचं एक पान घ्या. त्यावर सहा ओळी लिहा. कशासाठी जायचं. किती माणसं. मुक्काम कुठं. उतरायचं स्टेशन कोणतं. कोण काय पाहणार. खर्च किती. सहाही ओळी भरल्या की मगच तिकीट काढा. एखादी ओळ रिकामी राहिली तर उद्या वर्गात विचारा. गुरुजी आहेत, बाई आहेत, इथली बरीच मंडळी मुंबईला जाऊन आलेली आहेत.

आणि परत आलात की इथे उभे राहून सांगा. लॉजचं भाडं किती पडलं, कुठे फसायची वेळ आली, काय पाहून बरं वाटलं, ते सांगा. तुमचं ते पान पुढे जाणाऱ्या घराच्या उपयोगी पडेल.

प्रवास सुखाचा होवो. नमस्कार.